हिंदुमामांच्या गाडीतली टिकटिक

एका गावात एक भोळा जावई होता. खरं म्हणजे स्वतःच्या गावात तो नुसताच भोळा होता. जावई तो वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात होता. नाव केरबा.

आता भोळा म्हणजे आळशी नव्हे हां. कामाला वाघ. पण सांगितलेलं काम शब्दाला शब्द धरून करायचा. एकदा बायको म्हणाली, "अहो, मी पाणी घेऊन येते. तीन शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवा." एक शिट्टी कुकरनं दिली, दोन समोरच्या शाळेत पीटीच्या मास्तरांनी दिल्या. केरबानं कुकर उतरवला. भात कच्चा निघाला. पण त्याला बोल कसा लावणार? शिट्ट्या तीनच झाल्या होत्या.

बायकोचं नाव मालन. ती लांबच्या एका वाडीत अंगणवाडी चालवायची. त्या वाडीला एसटी जात नाही. रोज पाच किलोमीटर चालत जायचं, पाच किलोमीटर चालत यायचं. संध्याकाळी ती पायरीवर बसून भेगाळलेल्या टाचांना खोबरेल चोळायची आणि केरबा समोर बसून बघायचा. त्याला फार वाईट वाटायचं. तो ट्रॅक्टर चालवायचा, पण ट्रॅक्टर दुसऱ्याचा.

"मालन, एक दिवस मी तुला गाडीतून सोडीन," तो म्हणायचा.

"सोडाल हो," मालन म्हणायची आणि दुसऱ्या टाचेला लागायची.

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चंगळ. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, नवे कपडे. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाला जेवायला घालायचं, पाया पडायचं, आणि मुख्य म्हणजे नारायणाला काही बोलायचं नाही. शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

एसटीत बसल्यावर मालननं नवऱ्याला बजावलं, "हे बघा, माझ्या माहेरी माझी अब्रू राखा. आपल्या मनाचं काही करायचं नाही. सांगतील तेवढंच करायचं."

"तेवढंच करीन," केरबा म्हणाला. आणि झालंही तसंच.

सासऱ्यांचं नाव हिंदुराव, पण सगळं गाव हिंदुमामा म्हणायचं. बत्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. आवाज असा दांडगा, की ते खेकसले की मागच्या बाकावर झोपलेला माणूस उठून तिकीट काढायचा. पण सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, त्यांना आधीच दम भरला होता. "रविवारी अमावस्या आहे. सूर्य मावळला की महिना संपला. तोवर जावयाला एक वाकडा शब्द बोलायचा नाही. पाप लागतं."

"रविवारपर्यंत ना? एवढं काय त्यात?" हिंदुमामा म्हणाले होते. तेव्हा शुक्रवार होता.

शुक्रवारी दुपारी केरबा पोटभर जेवला आणि शतपावली करायला अंगणात आला. अंगणात शेवग्याखाली हिंदुमामांची गाडी उभी होती. एके काळी पांढरी होती, आता जुन्या दातांच्या रंगाची झाली होती. मालनच्या जन्माच्या आधीची गाडी. आत कुणी नाही, चावी घरात खुंटीला. आणि गाडीतून आवाज आला.

टिक्.

केरबा थांबला. टिक्. टिक् टिक्.

"मामी, गाडीत कोणीतरी आहे!"

मामी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कोण असणार? पाल चुकचुकली असेल. पाल चुकचुकली की जमिनीवर बोट आपटायचं आणि कृष्ण कृष्ण म्हणायचं, म्हणजे काही बाधत नाही."

केरबा खाली बसला. बोट आपटलं. "कृष्ण कृष्ण." टिक्. पुन्हा बोट. "कृष्ण कृष्ण." टिक् टिक्. दोनदा बोट.

दोन वाजता बसलेला माणूस पाच वाजले तरी तिथंच. बोट सुजून वांग्यासारखं झालं. शेजारच्या देवळात अधिक महिन्याची पोथी चालू होती. पोथीला निघालेल्या बायकांनी पाहिलं, की हिंदुमामांचा जावई भर उन्हात मोटारीसमोर बसून कृष्णाचा जप करतोय. केवढी ही भक्ती! दोघीजणी येऊन त्याच्या पाया पडून गेल्या.

तेवढ्यात हिंदुमामा रानातून आले. त्यांनी गाडी पाहिली, जावई पाहिला, बोट पाहिलं. तोंड उघडलं. ओसरीवरून मामींनी डोळे वटारले. हिंदुमामांनी आवंढा गिळला. तो पहिला आवंढा.

"जावईबापू," ते एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले, "ती पाल नाही. गाडीच्या वायरिंगमध्ये कुठंतरी दोष आहे. अधूनमधून टिकटिक होते, सकाळी बॅटरी उतरलेली असते. तीन महिने झाले, सापडत नाही."

"असं आधी सांगायचं की, मामा!" केरबा म्हणाला आणि बोट झटकत उठला.

रात्री जेवताना हिंदुमामांनी सगळं सांगून टाकलं. ते कंटाळले होते. भंगारवाल्याशी बोलणं झालं होतं. तो सोमवारी गाडी न्यायला येणार होता. मालन ताटात बघत राहिली. लहानपणी ती याच गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून जत्रेला गेली होती.

"सोमवारच्या आत ही टिकटिक कुणी घालवली," हिंदुमामा म्हणाले, "तर गाडी मालनला देईन. तिचे पाय तरी सुटतील."

केरबाच्या हातातला घास हातात राहिला. मालन, गाडी, मालनच्या टाचा. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मामा, मी घालवतो. फक्त कसं ते सांगा. सांगाल तसं करतो."

हिंदुमामांनी सांगितलं. "आवाज कुठून येतो ते कान लावून ऐकायचं. जिथं येईल तिथं खडूनं फुली मारायची."

सरळ साधं काम. शनिवारी सकाळी केरबा खडू घेऊन निघाला. पण गाडी गप्प होती. गाडी गप्प, तर आवाज कुठाय? भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. केरबानं काचेवर फुली मारली. फाटकाची कडी वाऱ्यानं कटकट करत होती. फुली. मग मामी देवघरापुढं रांगोळी काढायला उकिडव्या बसल्या आणि त्यांचा गुडघा वाजला, कट्.

केरबानं लांबूनच कान टवकारले. मामी उठल्या, कट्. बसल्या, कट्. शंकाच उरली नाही. केरबा अदबीनं पुढं झाला, "मामी, जरा थांबा हं," म्हणाला, आणि लुगड्यावर बरोब्बर गुडघ्याच्या जागी फुली मारली.

मामी ती फुली घेऊनच पोथीला गेल्या. घरी आल्या त्या लालबुंद होऊन. पण त्यांनीच नवऱ्याला घातलेला नेम, त्या कशा मोडणार? हिंदुमामांनी दुसरा आवंढा गिळला. मामींनी पहिला.

"जावईबापू, माणसांवर फुल्या मारायच्या नसतात. आवाज विजेचा आहे. वीज वायरीतून जाते. म्हणून वायरी बघायच्या. वायर दिसली की एक काढायची, आवाज थांबतो का बघायचं. नाही थांबला की परत लावायची आणि दुसरी काढायची. कळलं?"

"कळलं की. असं आधी सांगायचं, मामा!"

आता हा सल्ला सोळा आणे खरा आहे. कुठलाही मिस्त्री हेच सांगेल. पण हिंदुमामा 'गाडीतली वायर' म्हणायला विसरले. एवढंच.

दुपारी गाडी टिकटिकायला लागली आणि केरबा कामाला लागला. पहिली वायर दिसली ती अंगणात कपडे वाळत घालायची तार. ती सोडली. हिंदुमामांचं पांढरं धोतर, मालनची इरकली साडी, सगळं चिखलात. केरबानं गाडीला कान लावला. टिक् टिक्. नाही थांबला. तार परत बांधली, कपडे होते तसे चिखलासकट वर टाकले. दुसरी वायर स्वयंपाकघरातल्या फोनची. काढली, ऐकलं, परत लावली. तेव्हा गावात मोबाइल आलेले नव्हते, फोन भिंतीवरचा होता. तिकडून मामींची बहीण काहीतरी महत्त्वाचं सांगत होती, तिला वाटलं मामींनी मुद्दाम ठेवला. ती अजून बोलत नाही म्हणतात.

तिसरी वायर खिडकीतून बाहेर गेली होती. ही वायर देवळातल्या लाउडस्पीकरची. देवळात वीज नव्हती, म्हणून हिंदुमामांनी पोथीसाठी घरातून दिली होती. केरबानं ती काढली आणि गाडीकडे पळाला. टिक् टिक्. परत पळत येऊन वायर लावली. मधल्या वेळात पोथीवाल्या बुवांना वाटलं वीज गेली. वायर लागली, आणि अख्ख्या गावानं बुवांचा आवाज ऐकला, "...तोवर मी मागं जाऊन दोन भजी खाऊन घेतो. माझा उपास आहे म्हणून सांगितलंय, बोलू नका कुठं."

संध्याकाळी बुवा हिंदुमामांकडे आले आणि बराच वेळ बोलले. ते गेल्यावर हिंदुमामांनी तिसरा आवंढा गिळला. तो इतका मोठा होता की मामींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"जावईबापू," ते पाणी पिऊन म्हणाले, "यापुढं कुणाला विचारल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. आधी विचारायचं, मग काढायची. उद्या दस्तगीर मिस्त्री येतोय. तो सांगेल तसं करा."

"असं आधी सांगायचं की, मामा!"

मालन रात्री परसात जाऊन थोडी रडली. केरबा तिच्यामागं उभा राहिला. "मालन, माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तेवढंच करता."

"मग?"

मालनला हसूही आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

रविवारी सकाळी दस्तगीर मिस्त्री आला. गाड्यांच्या वायरिंगमध्ये तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. तो आला आणि टिकटिक बंद झाली. असं नेहमीच होतं बघा. दवाखान्यात गेलं की खोकला थांबतो, तसं. मिस्त्री तासभर वाट बघत बसला. गाडी मुकाट.

"मामा, आवाजच नाही तर शोधू काय?" तो म्हणाला. मग गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर रेलून बसला. "मी असा गपचूप बसतो. तुम्ही सगळे मी नाहीच असं समजून वागा. बघू येतो का."

आता हे वाक्य त्यानं केरबासमोर बोलायला नको होतं.

मामींनी मिस्त्रीसाठी चहा आणला. मिस्त्री नाहीच, तर चहा कुणाचा? केरबानं पिऊन टाकला. मिस्त्रीची सायकल फाटकात आडवी होती. मिस्त्री नाही, मग सायकल कोणाची बेवारशी? केरबानं ती उचलून चावडीवर नेऊन ठेवली. परत आला, हात धुतले, आणि ते पाणी गाडीच्या उघड्या खिडकीतून आत फेकलं. मिस्त्रीनं तोंड पुसलं पण बोलला नाही. आपलाच शब्द होता. मग केरबा दमला. बसायला जागा बघू लागला. गाडीतली ड्रायव्हरची सीट रिकामी होती, कारण मिस्त्री तर नव्हताच. केरबानं दार उघडलं आणि ऐसपैस बसला.

मिस्त्रीच्या मांडीवर.

"या अल्ला!" मिस्त्री ओरडला. केरबा दचकून पुढं झुकला, त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली, आणि बॉनेटखाली आवाज आला.

टिक्.

दोघांनी कान टवकारले.

"परत बसा," मिस्त्री हळूच म्हणाला.

केरबा परत बसला. परत झुकला. टिक्.

"अजून एकदा." टिक्.

मिस्त्री त्याच्या अंगाखालून सरपटत बाहेर आला. "मामा! या गाडीचा हॉर्न कुठाय?"

हिंदुमामा खाली बघू लागले. मग सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी ते एका मयताला गेले होते, आणि तिथं लोक सावरून बसलेले असताना दारातल्या गाडीचा हॉर्न आपला आपण वाजायला लागला. थांबेचना. त्यांनी रागानं हॉर्नची वायरच उपटून टाकली होती.

"हॉर्न मुका केलात," मिस्त्री म्हणाला, "पण त्याचं बटण आतून झिजलंय. ऊन लागलं की ते आपोआप टेकतं. टेकलं की हॉर्नला वीज देणारी ही डबी टिक् करते. वाजायला हॉर्नच नाही, म्हणून नुसतं टिक्. कधी कधी रात्रभर टेकलेलंच राहतं, मग बॅटरी बसते. मुका हॉर्न दाबून कोण बघणार? मीसुद्धा बघितला नसता."

अर्ध्या तासात त्यानं बटणाची स्प्रिंग बदलली आणि हॉर्नची वायर जोडली. हॉर्न वाजला. सोडला की थांबला. मग दुपारचं ऊन डोक्यावर आलं, कलंडलं, गाडी तापली. टिक् नाही की टक् नाही. मालन ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत उभी होती. एवढी चांगली शांतता तिनं आयुष्यात ऐकली नव्हती.

मिस्त्री जाताना म्हणाला, "मामा, तुमचा जावई साधासुधा माणूस नाही." ते खरंच होतं. मग तो सायकल शोधायला गेला.

हिंदुमामा शब्दाचे पक्के, पण ड्रायव्हरही पक्के. पारखल्याशिवाय गाडी सोडणार नव्हते. साडेचार वाजता त्यांनी टाकीत थोडं पेट्रोल घातलं, वीस किलोमीटरला पुरून बरंच उरेल इतकं. गाडी स्वतः बाहेर काढून हायवेला नेली, तोंड केरबाच्या गावाकडे करून उभी केली आणि खाली उतरले.

"जावईबापू, नीट ऐका. घरी पोचेपर्यंत वाटेत एकदाही टिकटिक झाली नाही, तर गाडी तुमची. झाली, तर समजायचं दोष तसाच आहे. गाडी परत इथं आणून लावायची, उद्या भंगारवाला येईल. कबूल?"

"कबूल."

"आणि दुसरं. इथून सरळ जायचं, तुमच्या गावची कमान आली की डावीकडे. पण सिग्नल दिल्याशिवाय वळायचं नाही. बत्तीस वर्षं एसटी चालवली, एकदाही बिनसिग्नलचा वळलो नाही. घ्या शपथ."

केरबानं अनारशांच्या डब्यावर हात ठेवून शपथ घेतली. आजवर तो फक्त ट्रॅक्टर चालवत आला होता. लायसन होतं, पण त्या ट्रॅक्टरचा सिग्नल त्यानं कधी चालू बघितला नव्हता. तरी हिंदुमामांनी गाडीचा खटका दाखवला. "डावीकडे जायचं तर हा असा खाली." दाखवला, पण चावी बंद असताना दाखवला.

निघाले. तीन दिवस पुरण वाटून मालन दमली होती. मागच्या सीटवर बसल्याबसल्या म्हणाली, "अहो, उद्या दहाला मोठ्या मॅडम अंगणवाडी तपासायला येणार आहेत. पहिल्यांदाच मी पायाला धूळ न लावता जाईन बघा." एवढं म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन झोपली.

केरबानं आरशात तिच्याकडे पाहिलं. ती झोपेत हसत होती. त्याला वाटलं, आपण राजे आहोत.

वीस किलोमीटर गाडी कशी, लोण्यासारखी गेली. लांबून कमान दिसली. केरबानं खटका खाली केला.

टिक् टिक् टिक् टिक्.

त्यानं दचकून खटका वर केला. आवाज थांबला. परत खाली केला. टिक् टिक् टिक् टिक्. वर केला. बंद.

आता तुम्हाला-मला ठाऊक आहे, सिग्नल दिला की गाडी टिकटिक करतेच. ती तिची रीत आहे. केरबाला कुणी सांगितलं नव्हतं. पण विचार त्यानं केला, अगदी मन लावून केला. सिग्नल दिला की टिकटिक. टिकटिक झाली की गाडी भंगारात. सिग्नल न देता वळावं, तर शपथ मोडते. म्हणजे वळणं हीच खरी आफत. आतापर्यंत झाली ती टिकटिक नुसती खटका बघताना झालेली, अजून वळलो नाही, म्हणून ती धरायची नाही. पण वळायचं नाही.

मग घरी कसं पोचायचं?

आणि त्याला चौथीतले गुरुजी आठवले. गुरुजींनी छडी मारून शिकवलं होतं, पृथ्वी गोल आहे, माणूस सरळ चालत राहिला तर जिथून निघाला तिथंच परत येतो. केरबाचा जीव भांड्यात पडला. गुरुजी खोटं थोडंच बोलतील?

कमान आली. कमानीखाली शेजारचा तातोबा बसला होता, त्यानं हात केला. केरबानंही हात केला. कमान गेली.

केरबा सरळ निघाला. रस्त्याला वळणं होती, पण ती रस्त्यानं घेतली होती, केरबानं नव्हे. नदी गेली, साखर कारखाना गेला, घाट उतरला. गाडीनं टिक् म्हणून केलं नाही. हळूहळू पाट्यांवरची अक्षरं गोल गोल व्हायला लागली, जिलब्या मांडाव्यात तशी. केरबाला आणखी धीर आला. पृथ्वीची गोलाई सुरू झाली असणार.

सूर्य कलला आणि गाडी दोन गचके देऊन थांबली. पेट्रोल संपलं होतं. मालन जागी झाली.

"आलं घर?"

"येईलच. वाटेत आहोत."

मालननं बाहेर पाहिलं. चहाची टपरी, फोनचा बूथ, पलीकडे पेट्रोल पंप. सगळीकडे जिलब्या.

"अहो, हे कर्नाटक आहे!"

"असेल," केरबा म्हणाला. "बरंच झालंय म्हणजे." आणि त्यानं सिग्नलपासून गुरुजींपर्यंत सगळं सांगितलं.

मालननं कपाळावर हात मारला. चांगलं चार वेळा मारला. "काय करू मी या माणसाचं! उद्या दहाला मॅडम यायच्या आहेत. माझी नोकरी जाईल! कुणी सांगितलं होतं तुम्हाला हा उपद्व्याप करायला?"

"वळलो असतो तर गाडी भंगारात गेली असती, मालन," केरबा हळू आवाजात म्हणाला. "तू परत चालत गेली असतीस. मला ते बघवत नाही."

मालनचा हात पाचव्यांदा वर गेला होता, तो तसाच राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग नाक ओढलं आणि डबा उघडून त्याला एक अनारसा दिला.

"ऐका," ती म्हणाली. "सिग्नल द्यायचा ना? मग खटका कशाला हवा? सायकलवाले देतात तसा हातानं द्यायचा. वळताना मी खिडकीतून हात बाहेर काढते. सिग्नल पण झाला, आणि हात काही टिकटिक करत नाही."

केरबा तिच्याकडे बघतच राहिला. "असं आधी सांगायचं की!"

ते परत फिरले, कमानीपाशी वळले, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम आल्या तेव्हा मालन धूळ न लागलेल्या पायांनी अंगणवाडीच्या दारात उभी होती, हे मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. पण निघण्याआधी एक गोष्ट झाली. मालन पंपावरून डब्यात पेट्रोल आणायला गेली. जाताना म्हणाली, "माझे आबा काळजी करत असतील. त्यांना फोन करून कळवा."

केरबा बूथमध्ये गेला. फोन लावला. तिकडे हिंदुमामांनी उचलला.

"मामा, केरबा बोलतोय. आतापर्यंत एकदाही टिकटिक नाही!"

"वा! शाब्बास!" हिंदुमामा खूश झाले. "पोचलात ना घरी?"

"अजून नाही."

"अजून नाही? वीस किलोमीटरला अडीच तास? आहात कुठं?"

"ते वाचता येत नाही, मामा. अक्षरं गोल आहेत."

हिंदुमामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कमानीपाशी डावीकडे सांगितलं होतं ना मी?"

"सिग्नल दिला की टिकटिक व्हायची. म्हणून वळलो नाही. सरळ घरी निघालोय. पृथ्वी गोल आहे, पण तुम्ही पेट्रोल कमी घातलंत."

हिंदुमामांनी खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य मावळला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग मामींकडे पाहिलं. मामींनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. संपला महिना.

हिंदुमामांनी खोल श्वास घेतला. बोटाचा, फुलीचा, धोतराचा, पोथीचा, तीन दिवस गिळलेला एकूण एक आवंढा गळ्याशी आला. बत्तीस वर्षांचा आवाज त्यांनी एकवटला. "अरे—"

आणि नेमकी तेव्हाच फोनच्या वरच्या भिंतीवर पाल चुकचुकली. मामींनी जमिनीवर बोट आपटलं. "कृष्ण कृष्ण."

इकडे कर्नाटकात केरबाच्या कानात आवाज आला. टिक् टिक् टिक्.

तो क्षणभर घाबरला. मग त्याला सगळे धडे आठवले, ओळीनं आठवले. कान लावायचा. वायर बघायची. विचारल्याशिवाय काढायची नाही. त्यानं बूथवाल्याला विचारलं, "काढू का?" बूथवाल्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. त्यानं हसून मान हलवली.

केरबानं वायर काढली. आवाज थांबला.

तिकडे हिंदुमामांनी तोंडाचा पट्टा सोडला. पाव तास ते बंद फोनशी बोलत होते. इकडे केरबा हातात वायर घेऊन पळत गाडीपाशी आला, मागून बूथवाला ओरडत आला, आणि मालन पेट्रोलचा डबा घेऊन बघतच राहिली.

"मालन, चल, गाडी आपली झाली!" केरबा म्हणाला. "टिकटिक गाडीत नव्हतीच मुळी. ती मामांच्या घरात होती. मी मुळापासून काढून आणली."